विषाचा रेणू सापडला. उतारा वाडीवर कधी पोहोचणार?

पावसाने उघडीप दिली, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या आणि कापणीला तोंड लागले, म्हणजे पेण व रोहा तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून सुगीच्या आनंदाबरोबर एक जुने भयही वावरू लागते. भाताचे भारे उचलताना, उडवी रचताना, सरपणाच्या मोळीत हात घालताना लाल विंचू डसतो. अंधारात बांधावरून घराकडे परतणाऱ्याचा पाय घोणशीवर पडतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर मुक्कामाला जातात आणि उन्हाळ्याच्या तलखीत विटांच्या थरांतून हेच संकट पुन्हा डोके वर काढते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण मराठीत आहे. ज्याचे स्वतःचेच बिऱ्हाड पाठीवर आहे अशा माणसाला विंचवाची गाठ वारंवार पडावी, हा केवळ योगायोग नव्हे. कुडाच्या भिंती, मातीची जमीन, अनवाणी पाय आणि विजेचा अभाव या गोष्टी विंचू व सर्प यांना माणसाच्या निकट आणतात. विषबाधा हा या अर्थाने गरिबीचाच एक रोग आहे.

या रोगाविषयी गेल्या चार-पाच दशकांत विज्ञानाने मिळविलेले ज्ञान थक्क करणारे आहे. विषातील एकेक रेणू वेगळा काढण्यात आला, त्याची घडण ओळखण्यात आली, तो शरीरातील कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटतो हेही पाहण्यात आले. आता तर त्या रेणूला निष्प्रभ करणारे प्रथिन संगणकाच्या साहाय्याने रचण्यापर्यंत मजल गेली आहे. परंतु प्रयोगशाळेतील रेणू आणि डोंगरातील वाडी यांमधील अंतर कोणी तोडावयाचे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे. त्याचे एक उत्तर रायगड जिल्ह्यातच, पेण-रोह्यापासून फार दूर नसलेल्या महाडला, चार दशकांपूर्वी मिळाले होते. आजच्या नव्या संशोधनाचा विचार करताना त्या उत्तराचे विस्मरण होता कामा नये.

उघाडीची झडप

लाल विंचवाचे विष शरीरात नेमके काय करते? पेणच्या खारभूमीतील शेतकऱ्याला हे समजावून सांगणे अवघड नाही. खाडीच्या बांधातील उघाडीची झडप ओहोटीच्या वेळी शेतातील पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते. ती झडप काही कारणाने अडकून उघडी राहिली, तर खारे पाणी आत शिरून पीक हातचे जाते. मज्जापेशीच्या आवरणातही अशाच सूक्ष्म, प्रथिनांच्या बनलेल्या झडपा असतात. संदेश वाहून नेण्यासाठी त्या क्षणाच्या अत्यल्प अंशापुरत्या उघडतात, सोडियमचे भारित कण आत घेतात आणि लगेच मिटतात. विंचवाच्या विषातील काही रेणू या झडपांना नेमके चिकटतात व त्यांना मिटूच देत नाहीत. त्याच विषातील दुसरे काही रेणू पोटॅशियमच्या वाटा बुजवितात. परिणामी मज्जातंतू उद्दीपितच राहतात आणि ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन या द्रव्यांचा रक्तात जणू पूर येतो.

पुढचे सारे या पुराचे परिणाम होत. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात. आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध झुंजून हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते, तोंडाला गुलाबीसर फेस येतो आणि धडधाकट माणूस, विशेषतः लहान मूल, काही तासांत दगावते. आकाराने मोठी व दिसावयास भयंकर असलेली काळी इंगळी त्या मानाने सौम्य. लहानसा लाल विंचू मात्र प्राणघातक. निसर्गातील हा विरोधाभास कोकणातील वडीलधाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. त्याचे रासायनिक कारण तेवढे अलीकडच्या काळात कळले.

विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकाचे प्रस्थ का टिकून राहिले, याचाही उलगडा येथे होतो. बहुसंख्य दंशांत विष अल्प शिरते, वेदना काही तास राहतात आणि रुग्ण आपोआप बरा होतो. श्रेय मंत्राला मिळते. ज्या थोड्यांच्या शरीरात विषाचा खरा उद्रेक होतो, त्यांचे अमूल्य तास मात्र याच विश्वासापायी वाया जातात. तेव्हा खरा प्रश्न हा की, शंभर दंशांतून धोक्याचे कोणते, हे ओळखावयाचे कसे आणि ओळखल्यावर करावयाचे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे महाडने दिली.

महाडचा धडा

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास मरण पावत, असा तो काळ होता. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत या विषयाला जेमतेम काही ओळी असत. गुंगीच्या औषधांचे मिश्रण, ॲट्रोपिन, स्टिरॉइड असे उपचार चालत आणि त्यांतील काहींनी अपायच होई. डॉ. बावस्कर यांनी रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षणे टिपली. घाम, उलटी, लाळ सुटणे, हातपाय गार पडणे ही पुढे येणाऱ्या हृदयविकाराची पूर्वचिन्हे आहेत, असे त्यांनी दाखविले. ‘लॅन्सेट’ या ब्रिटनमधील विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने १९८२ मध्ये त्यांचे हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे ठरले. ॲड्रिनलिनच्या वर्गातील द्रव्यांनी रक्तवाहिन्या आकसतात त्या त्यांच्या भिंतीतील ‘अल्फा’ नावाच्या ग्राहक प्रथिनांमार्फत. या ग्राहकांना अडविणारी प्राझोसिन ही गोळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आधीच बाजारात होती. विंचवाशी तिचा काही संबंध आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते. डॉ. बावस्कर यांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना दिली. आकसलेल्या वाहिन्या सैलावल्या, थकलेल्या हृदयावरील भार उतरला आणि मृत्यूच्या दाढेतून माणसे परत येऊ लागली. याविषयीचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली आला. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांवरून अगदी थोड्या टक्क्यांवर आले, आणि तेही एका स्वस्त, तोंडाने घेता येणाऱ्या, शीतकपाटाची गरज नसलेल्या गोळीने.

येथेच ते थांबले नाहीत. हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूविषावरील प्रतिविष प्राझोसिनच्या जोडीने देऊन पाहिले. त्या चाचणीचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ मध्ये प्रसिद्ध केले. सत्तर रुग्णांचे दोन समान गट करण्यात आले होते. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले; केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांत ही संख्या ८ होती. प्रतिविष रक्तातील विषाला बांधून टाकते, तर प्राझोसिन विषाने घडविलेल्या उत्पाताला आवर घालते. एक मुळावर घाव घालते, दुसरे फांद्या सावरते. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. परंतु त्यांच्या कार्याचा खरा गौरव, त्याचा धडा अन्य तालुक्यांत गिरविला जातो की नाही, यावरच ठरेल.

विषातून निघालेली औषधे

विष आणि औषध यांचे नाते आयुर्वेदालाही अपरिचित नव्हते. आधुनिक रेणुजीवशास्त्राने ते अगदी वेगळ्या पातळीवर सिद्ध केले आहे. कोकणातील माणसाचा जीव घेणाऱ्या याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये ३७ अमिनो आम्लांची साखळी असलेला ‘आयबेरिओटॉक्सिन’ नावाचा रेणू वेगळा करण्यात आला. पोटॅशियमच्या एका विशिष्ट वाटेलाच तो बंद करतो आणि म्हणून रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांच्या अभ्यासात जगभरच्या प्रयोगशाळा तो एखाद्या नेमक्या किल्लीसारखा वापरतात.

सर्पविषाची कथाही अशीच आहे. ब्राझीलमधील जराराका नावाच्या सापाच्या विषावरील संशोधनातून रक्तदाबावरील ‘कॅप्टोप्रिल’ हे औषध निघाले. त्याला अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली. फुरशाच्या विषात सापडलेल्या एका प्रथिनाच्या घडणीवरून ‘टिरोफिबान’ हे औषध रचण्यात आले व १९९८ मध्ये ते मान्य झाले. हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मोठ्या रुग्णालयांत ते दिले जाते. घोणशीचे विष तर रक्त गोठण्याच्या एका महत्त्वाच्या तपासणीत नित्य वापरले जाते. कोकणच्या कातळावर, करवंदीच्या जाळीत, दगडाखाली दडलेले फुरसे शहरातील हृदयरोग्याच्या उपयोगी पडले, ही विज्ञानाची किमयाच म्हटली पाहिजे. परंतु त्याच फुरशाच्या दंशाने रक्तस्राव होत असलेल्या शेतमजुराच्या वाट्याला या किमयेतील काय आले, असे कोणी विचारले तर विज्ञानाला क्षणभर निरुत्तर व्हावे लागेल.

नवे संशोधन, जुन्या मर्यादा

सर्पदंशावरील प्रतिविष आजही मूलतः त्याच पद्धतीने तयार होते जी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रूढ झाली. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचावयाच्या आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे गाळून घ्यावयाची. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर ते बनविले जाते. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. या प्रतिविषाने असंख्य प्राण वाचविले आहेत, याविषयी दुमत नाही. तथापि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुणगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या अभ्यासांतून दाखवून दिले आहे. दक्षिणेतील सापांच्या विषावर बेतलेले प्रतिविष अन्य प्रांतांतील दंशावर तितकेच गुणकारी ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. चापड्यासारखे चौघांच्या बाहेरचे साप तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत.

या मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न अलीकडे वेगाने सुरू आहेत. भारतीय नागाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात विषाशी निगडित १३९ जनुके ओळखण्यात आली आणि त्यांपैकी १९ केवळ विषग्रंथीतच कार्य करतात असे आढळले. घोड्याच्या शरीरात सरसकट प्रतिपिंडे निर्माण करण्याऐवजी नेमक्या याच प्रथिनांना लक्ष्य करावे, हा त्यामागील विचार. २०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था व भारतीय विज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी नाग, मण्यार व आफ्रिकेतील मांबा यांच्या विषांतील एका मोठ्या गटाला निष्प्रभ करणारे मानवी प्रतिपिंड प्रयोगशाळेत घडविले. २०२५ च्या जानेवारीत डेव्हिड बेकर यांच्या गटाने त्याहून वेगळी वाट चोखाळली. प्रथिनांच्या रचनेवरील कार्याबद्दल बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. त्यांनी निसर्गात नसलेली, संगणकाने रचलेली छोटी प्रथिने तयार केली आणि त्यांनी नागवर्गीय विषापासून उंदरांचे रक्षण केले. अशी प्रथिने सूक्ष्मजीवांकरवी बनविता येतात. घोड्यांची पागा लागत नाही. ती उष्णतेतही टिकतात, म्हणून पुढेमागे स्वस्त व दुर्गम भागात ठेवता येण्याजोगी ठरतील, अशी आशा आहे.

आशा बाळगावी, पण डोळसपणे. हे प्रयोग अद्याप उंदरांच्या पुढे गेलेले नाहीत. शिवाय ते मुख्यतः नाग व मण्यार यांच्या विषासंबंधी आहेत. भारतात सर्वाधिक बळी घेणारा साप घोणस मानला जातो. तिच्या विषात रक्त गोठविण्याची यंत्रणा उद्ध्वस्त करणारी आणि मूत्रपिंडे निकामी करणारी अनेक विकरे एकत्र असतात. एकाच प्रतिपिंडाने त्या साऱ्यांना आवरणे शक्य नाही. अन्य विकारांसाठी बनविलेले ‘व्हॅरेस्प्लॅडिब’ हे तोंडाने घेण्याचे औषध विषातील एका महत्त्वाच्या विकराला अडविते, म्हणून भारत व अमेरिकेतील सर्पदंशाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ठरविलेल्या मुख्य निकषावर औषध उतरले नाही. मात्र दंशानंतर पहिल्या काही तासांत ज्यांना ते मिळाले, त्यांच्यात लाभाची चिन्हे दिसली. या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. औषध कितीही प्रगत असो, त्याचे यशापयश अखेर घड्याळाच्या काट्यावर अवलंबून राहते आणि घड्याळाचा काटा रस्ता, वाहन व आरोग्य केंद्रातील उघडे दार यांवर.

शेवटचे अंतर

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडण्यात आला. त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक मुले पंधरा वर्षांखालील होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरविले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याची सूचना राज्यांना केली. ही पावले स्वागतार्ह होत. विंचूदंशाला मात्र अशी मान्यता अद्याप लाभलेली नाही. जगभरात दरवर्षी बारा लाखांहून अधिक विंचूदंश आणि तीन हजारांहून अधिक मृत्यू होतात, असा अंदाज असूनही तो उपेक्षितांतही उपेक्षित राहिला आहे.

अशा वेळी दोन टोकांची मते ऐकू येतात. रेणू आणि जनुके यांवरील संशोधन ही श्रीमंतांची चैन आहे, तो पैसा खेड्यातील दवाखान्यांवर खर्च करावा, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष सांगतो की, विज्ञानाला त्याच्या गतीने जाऊ द्यावे. त्याची फळे आज ना उद्या खाली झिरपतीलच. दोन्ही मते अपुरी आहेत. अल्फा ग्राहकाचे ज्ञान प्रयोगशाळेत झाले नसते, तर प्राझोसिन ही गोळी अस्तित्वातच आली नसती. पण ती गोळी विंचूदंशावर चालेल, हे कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेने शोधले नाही. रुग्णाच्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या, ग्रामीण भागात राहण्याचे व्रत घेतलेल्या डॉक्टराने ते शोधले. ज्ञान आपोआप झिरपत नाही. ते कोणीतरी खांद्यावर घेऊन वाडीपर्यंत न्यावे लागते.

याच रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच पेशींत जनुकीय बदल करून त्यांना झुंजावयास लावणारा, मुंबईच्या आय.आय.टी.त विकसित झालेला उपचार तेथील रुग्णांवर अजमावला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला देशात मान्यता मिळाली. जिल्ह्याच्या एका टोकाला जनुके बदलण्याचे सामर्थ्य आणि दुसऱ्या टोकाला वेळेवर एक गोळी मिळण्याची भ्रांत, ही विषमता विज्ञानाने निर्माण केलेली नाही. ती दूर करणे मात्र विज्ञानाच्या एकट्याच्या आवाक्यातलेही नाही.

म्हणून पेण व रोहा तालुक्यांपुरता विचार केला तरी काही गोष्टी तातडीच्या ठरतात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन, विंचवाचे व सापाचे प्रतिविष बारा महिने असावे, आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण व धैर्य असलेला डॉक्टर रात्रीही असावा. प्रतिविषाच्या प्रतिक्रियेच्या भीतीने रुग्णाला पुढच्या रुग्णालयाकडे धाडून देण्याची प्रवृत्ती थांबली, तर वाटेतील कित्येक मृत्यू टळतील. घाम, उलटी आणि गार हातपाय ही धोक्याची खूण आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, वीटभट्टीवरील मुकादम आणि हो, विंचू उतरविणारा मांत्रिक यांनाही शिकविली पाहिजे. मांत्रिकाची हेटाळणी करून काही साधत नाही. तो वाडीवर सर्वांत जवळ आहे, आणि रुग्णाला तत्काळ दवाखान्यात पाठविण्याचे काम त्याच्याकडून करवून घेता आले तर तो विज्ञानाचाच दूत ठरेल. प्रत्येक दंशाची नोंद गाव, ऋतू, वेळ व परिणाम यांसह ठेवली गेली पाहिजे. आणि कोकणातील सापांचे व विंचवाचे विष शास्त्रशुद्ध रीतीने गोळा करून प्रतिविष त्याच्याशी पडताळून पाहिले पाहिजे. ज्या मुंबईत १८९९ पासून हाफकिन यांची परळची प्रयोगशाळा उभी आहे, तिला हे काम अशक्य कोटीतील वाटू नये.

नव्या औषधांच्या चाचण्या होतील तेव्हा त्या जेथे रुग्ण आहेत अशा ग्रामीण रुग्णालयांतून, रुग्णाला समजेल अशा भाषेत त्याची संमती घेऊन व्हाव्यात, आणि त्यांतून निघालेले औषध त्याच रुग्णाच्या ऐपतीत येईल अशी हमी आधीच घेतली जावी. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. तिच्या वाट्याला संशोधनातील केवळ जोखीम यावी आणि लाभ दुसऱ्यांनी न्यावा, असे होता कामा नये.

विषाच्या रेणूला नाव मिळाले, त्याचे चित्र काढता आले, त्याला अडविणारे प्रथिनही रचता आले. मानवी बुद्धीचा हा पराक्रम कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बिरवाडीच्या लहानशा आरोग्य केंद्रात जे सुरू झाले आणि महाडला तडीस गेले, ते पन्नास वर्षांनंतर पेणच्या व रोह्याच्या प्रत्येक वाडीला सहज उपलब्ध असले पाहिजे, एवढी माफक अपेक्षाही पुरी होत नसेल, तर उद्या येणाऱ्या संगणकरचित औषधांचे भवितव्य काय असेल, याचा विचार आजच करावा लागेल. कृती आराखड्याने घातलेली २०३० ची मुदत फार दूर नाही.